गाडीचे दिवे काय सांगतात?

मैत्रिणींनो, डाळ खाली लागली की आपल्याला वासावरून कळते, दूध वर आले की आवाजावरून. गाडीचेही तसेच आहे. तिला काय होतेय ते ती समोरच्या मीटरवर सांगत असते. आपण मात्र "ते ह्यांचं काम" म्हणून तिकडे पाहतच नाही. रामटेकहून नागपूर सुमारे 50 किलोमीटर. मे महिन्याचे 45 अंशांचे ऊन, मागे मुले, आणि वाटेत लाल दिवा लागला तर? थांबायचे की पुढे जायचे, हे आपल्यालाही ठाऊक हवे.

आधी रंग लक्षात ठेवावेत. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती.

तेलाच्या झारीचे चित्र लाल झाले, तर इंजिनातल्या ऑइलचा दाब कमी झालेला असतो. गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. "मनसरपर्यंत जाऊ, मग बघू" हा हट्ट नको. तेवढ्यात इंजिन जाम होऊ शकते. तापमानाचा काटा लालवर गेला तरी हेच करावे. मात्र गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. प्रेशर कुकर आठवा! ब्रेकचा दिवा लागला, तर हँडब्रेक ओढलेला नाही ना, ते पाहावे. तो सोडूनही दिवा विझला नाही, तर गाडी पुढे नेऊ नये.

पण मीटरच बिघडले असेल तर? चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेला असेल किंवा वायर सुटली असेल. असा दिवा खऱ्या संकटातही गप्प राहील, म्हणून तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

सगळे काटे एकदम पडले, तर प्रथम फ्यूज पाहावा, मग अर्थिंगची वायर. पेट्रोलचा एकच काटा अडला असेल, तर दोष बहुधा टाकीतल्या तरंगत्या फ्लोटचा. कूलरमध्ये असतो ना, तसाच तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम भागवले तर वायरिंग जळण्याची भीती असते.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, अख्खं मीटर बदलावं लागेल," तर शांतपणे विचारावे, "दादा, फ्यूज अन् वायर तपासली का? स्कॅनरवर काय आलं?" थोड्या रुपयांच्या फ्यूजपायी हजारोंचा खर्च कशाला?

आज संध्याकाळी गाडीसोबत मिळालेले पुस्तक घेऊन पाच मिनिटे गाडीत बसा, चावी फिरवा आणि एकेक दिवा ओळखून घ्या. ह्यांना नवल वाटले तर वाटू दे!