ऊन सगळ्यांना सारखे लागत नाही

फेब्रुवारी संपत आला की वस्त्यावस्त्यांत भीमजयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, देखावा, वक्ते, भोजनदान, मिरवणुकीचा मार्ग अशा सगळ्यांवर चर्चा होते. अलीकडे या बैठकांत आणखी एक प्रश्न निघतो. मिरवणूक नेमकी किती वाजता काढायची? दुपारच्या उन्हात लहान मुले आणि म्हातारी माणसे टिकतील का? कुणीतरी म्हणते, "उन्हाळाच तो, ऊन असणारच." आणि विषय तिथेच संपतो.

आम्हाला वाटते, हा विषय तिथे संपू नये. उन्हाळा खरोखर बदलला आहे का, कशामुळे बदलला, सरकारने काय ठरवले आहे आणि या सगळ्याचा आपल्या समाजाशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

कारणाशिवाय कार्य नाही

कोणतीही गोष्ट आपोआप किंवा कुणाच्या कोपाने घडत नाही. ती कारणांमुळे घडते आणि कारणे दूर केली तर थांबते. प्रतीत्यसमुत्पादाची ही शिकवण आपल्याला विहारात लहानपणापासून मिळते. धम्म म्हणजे हवामानशास्त्र नव्हे, आणि तथागतांनी हे सारे आधीच सांगून ठेवले होते असा दावाही आम्ही करणार नाही. पण कारण शोधण्याची ही सवय आपल्याला इथे उपयोगी पडते.

सूर्याची उष्णता जमिनीवर येते आणि जमीन ती परत आकाशाकडे सोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड या परत जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग अडवतो. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत हे दाखवले. कोळसा जाळून हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडले. म्हणजे हे शास्त्र बाबासाहेबांच्या जन्माच्या आसपासचे आहे, काल-परवा निघालेले खूळ नाही.

१९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत हवेतला हा वायू सतत मोजला जातो. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. कारखानदारीच्या युगाआधी तो २८० च्या आसपास होता.

"पण सूर्यच जास्त तापत नसेल कशावरून?" हा प्रश्न रास्त आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता तपासून पाहावे, हेच कालाम सुत्त शिकवते. सूर्यामुळे तापमान वाढले असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि वरचा थर थंड होतो आहे. खालची उष्णता वर जाण्याआधीच अडत असेल तर असेच दिसायला हवे. शिवाय कोळसा आणि खनिज तेलातून निघालेल्या कार्बनची ठेवण वेगळी असते आणि ती हवेत ओळखता येते. जगभरातल्या शास्त्रज्ञांचे संशोधन तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या मंडळाने २०२१ च्या अहवालात म्हटले की माणसामुळे पृथ्वी तापली आहे, यात वाद उरलेला नाही.

भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. आकडा लहान वाटतो. पण सरासरी थोडी सरकली तरी टोकाचे दिवस खूप वाढतात. दहा वर्षांतून एकदा येणारी लाट दोन-तीन वर्षांनी येऊ लागते, आणि रात्रीही उकाडा उतरत नाही.

चंद्रपूरचा उन्हाळा

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिल्यावर बाबासाहेब १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला गेले आणि तिथेही हजारोंना धम्मदीक्षा दिली. त्या भूमीला आपण दरवर्षी वंदन करतो. तेच चंद्रपूर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत असते. पारा ४६-४७ अंशांवर जाणे तिथे नवे राहिलेले नाही. शहराभोवती कोळशाच्या खाणी आहेत आणि जवळच २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे.

तिथली वीज राज्यभर जाते. राख, धूळ आणि ऊन मात्र तिथल्याच माणसांच्या वाट्याला येते. ज्यांच्या घरात एसी आहे ते दार लावून घेतात. एसी चालवायला आणखी कोळसा जळतो आणि एसीची गरम हवा बाहेर फेकली जाते. बाहेर कोण असते? रस्ता झाडणारी बाई, मोटार उतरवणारा हमाल, वीटभट्टीवरचे जोडपे, बांधकामावरचा मजूर. कारण एकाचे आणि भोग दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

अंगाचे काय होते?

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी धडपडते. त्यासाठी घाम येतो आणि घाम वाळताना अंग थंड होते. हवेत दमटपणा जास्त असेल तर घाम वाळत नाही. म्हणून केवळ पाऱ्याचा आकडा पाहून धोका कळत नाही. विदर्भात कोरड्या हवेत ४५ अंश जसे घातक, तसे कोकणपट्टीत ३८ अंशही घातक ठरू शकतात.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा झाला. भर दुपारी उघड्या मैदानावर लाखो लोक बसले होते. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. भीमजयंतीच्या दोनच दिवसांनंतरची ही घटना आहे. उघड्यावर मोठ्या संख्येने जमणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने ती विसरता कामा नये.

माणूस बरळू लागला, अंग चटके बसतील इतके तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जात आणि ऊन

ऊन जात पाहून पडत नाही, हे खरे. पण उन्हात कोण उभे राहणार हे जातीने बऱ्याच अंशी ठरवून ठेवले आहे. 'डेमोग्राफी' या नियतकालिकात २०२५ मध्ये भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाच्या तासांपैकी किती तास माणूस उघड्यावर घालवतो, याचा तो हिशेब आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या कामगारांचे उघड्यावरचे तास तथाकथित उच्च जातींच्या कामगारांपेक्षा बरेच जास्त असल्याचे त्यातून दिसले.

काम संपवून घरी यावे तर डोक्यावर पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. अंगाला रात्री विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन जास्त बाधते. पाण्याचा टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर पाण्यासाठी जो लढा झाला, तो माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा होता. तापलेल्या महाराष्ट्रात पाणी, सावली आणि विसावा हे त्याच हक्काचे पुढचे पान आहे.

धोरण कागदावर कुठे, जमिनीवर कुठे?

२०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली, शक्यतो १.५ अंशावर रोखायचे ठरले. २०२४ हे साल १.५ अंशाची रेषा ओलांडणारे पहिले कॅलेंडर वर्ष ठरले. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. वीजनिर्मितीच्या क्षमतेत निम्मा वाटा बिगर-कोळसा, बिगर-तेल स्रोतांचा करण्याचे २०३० साठीचे लक्ष्य भारताने २०२५ मध्येच गाठले. ही चांगली बाब आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. आजही देशाची बहुतांश वीज कोळशातूनच येते.

उत्सर्जन कमी करणे हा एक भाग झाला. आज जे ऊन पडते आहे त्यापासून माणसांना वाचवणे हा दुसरा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय अशी त्याची साधी रचना होती. पुढे अनेक शहरांनी आणि राज्यांनी तो कित्ता गिरवला. महाराष्ट्रात नागपूरही त्यात आहे.

मात्र दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये असे ३७ आराखडे तपासले, तेव्हा केवळ २ आराखड्यांनी आपल्या हद्दीत सर्वाधिक धोका कोणाला आहे याची नीट पाहणी केलेली आढळली. बहुतेकांना पुरेसा पैसा नव्हता आणि कायद्याचे बळही नव्हते. दुपारी काम बंद ठेवा, हा सल्ला असतो. पण ठेकेदाराने तो पाळलाच पाहिजे असे बंधन नसते, आणि बुडालेली मजुरी कोण देणार याचे उत्तर नसते.

आणखी एक गोष्ट. २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीतून मदत देण्याकरिता केंद्राने ज्या १२ नैसर्गिक आपत्ती धरल्या, त्यांत थंडीची लाट होती. उष्णतेची लाट नव्हती.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. कामगाराच्या शरीराला मर्यादा असतात आणि त्या कायद्याने जपायच्या असतात, हा त्यामागचा विचार. उन्हातल्या कामाचे तास कायद्याने ठरवा, ही मागणी त्याच वाटेवरची आहे. तिला आता आधारही आहे. २१ मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये असल्याचे मान्य केले. समतेचा आणि जीविताचा हक्क देणारे हे अनुच्छेद आपल्याला नव्याने सांगायला नकोत.

लोक काय म्हणतात?

येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांनी २०२१-२२ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत सुमारे ५४ टक्के लोक म्हणाले की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला फार थोडे माहीत आहे किंवा आपण ते कधी ऐकलेलेच नाही. पण थोडक्यात समजावून सांगितल्यावर ८४ टक्के लोकांनी हे घडते आहे असे मान्य केले. म्हणजे अनुभव सगळ्यांना आहे, त्याला नाव देणारे कुणी नाही.

आपल्या समाजात आम्हाला तीन मते वारंवार ऐकू येतात.

पहिले, हा निसर्गाचा कोप आहे. कोप म्हटले की हात जोडण्याशिवाय काही उरत नाही. कारण म्हटले की जबाबदार कोण हे विचारता येते.

दुसरे, घाण श्रीमंत देशांनी केली, आपण का निस्तरायची? यात तथ्य आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे १४ टन. त्यांच्याकडून हिशेब मागितलाच पाहिजे. पण देशाच्या सरासरीत बंगला आणि झोपडी एकत्र मोजली जाते. जो न्याय आपण जगाकडे मागतो तो देशातही मागायला हवा.

तिसरे, पर्यावरण हा पोटभरल्यांचा विषय आहे. आपल्याला आधी शिक्षण, नोकरी, घर. हे मत आम्हाला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते अनुभवातून आले आहे. पण उन्हामुळे मजुरी बुडते, मूल शाळेत बसू शकत नाही आणि घर भट्टी होते, तेव्हा हा विषय शिक्षण, नोकरी आणि घराचाच असतो. कोळशाच्या खाणीत काम करणारे आपलेही बांधव आहेत. उद्या खाणी बंद होणार असतील तर त्यांच्या पोटापाण्याची सोय आधी झाली पाहिजे, हेही आपणच ठणकावून सांगायला हवे.

विहारापासून सुरुवात

मोठी धोरणे दिल्लीत ठरतात. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, विहार दुपारी उघडे ठेवावे. पंखा, माठ, ओआरएसची पाकिटे आणि दोन चटया एवढ्यावर वस्तीचा निवारा तयार होतो. विहाराच्या छताला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला तर आतला उकाडा काही अंशांनी उतरतो. ते पाहून वस्तीतली घरेही रंगवता येतील.

दुसरी, जयंतीची मिरवणूक ऊन उतरल्यावर निघावी, वाटेत पाणी असावे, आणि प्रत्येक मंडळातल्या चार-पाच तरुणांना उष्माघाताचे प्रथमोपचार यावेत. डीजेच्या खर्चातून एवढे सहज निघते.

तिसरी, नगरपालिकेत किंवा ग्रामसभेत लेखी विचारावे: आपल्या गावाचा उष्णता आराखडा आहे का? त्यात सफाई कामगार, वीटभट्टी मजूर आणि आपली वस्ती आहे का? निधी किती आहे? उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा.

चौथी, उन्हाने झालेल्या मृत्यूची नोंद तशीच व्हावी म्हणून आग्रह धरावा. कागदावर नुसता 'हृदयक्रिया बंद' असा शेरा पडला की ऊन मोकळे सुटते आणि भरपाईही सुटते.

येत्या बैठकीत देखाव्याचा विषय झाला की एक विषय उन्हाचाही घ्या. मिरवणुकीची वेळ ठरवायला दहा मिनिटे लागतील. आराखड्याच्या अर्जावर सही करायला तेवढीही लागणार नाहीत.