वस्तूंवरची अक्षरे



सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपण किती अक्षरे वाचतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. वर्तमानपत्र आणि पुस्तक एवढेच काय ते वाचन, अशी आपली समजूत असते. पण दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, विजेचे बिल, बसची पाटी, खिशातली नोट, कारखान्याच्या फाटकावरचा फलक हीसुद्धा छापलेली पानेच होत. त्यांवर काय लिहिले आहे ते आपण पाहतो. कसे लिहिले आहे ते पाहत नाही. या ‘कसे’मध्ये शिकण्याजोगे पुष्कळ असते, हे मला आज सांगावयाचे आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच आहे. कामगार संघटनेसाठी हस्तपत्रके काढता काढता आणि मालकांच्या नोटिसा वाचता वाचता जे ध्यानात आले, तेवढीच माझी शिदोरी.

प्रथम आपल्या लिपीची घडण पाहू. देवनागरी अक्षर तीन मजल्यांच्या घरात राहते. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर तळघरात उकार आणि ऋकार. इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांना असे मजले नाहीत. ती मिळालेली बहुतेक उंची स्वतःच वापरतात. म्हणून एकाच उंचीच्या पट्टीत दोन्ही लिप्या बसविल्या, तर मराठीचे मूळ अक्षर लहान पडते. दोन्ही ओळी सारख्याच मापाच्या आहेत असे सांगितले जाते आणि ते खोटेही नसते, पण डोळ्यांना मराठी बारीक दिसते ते यामुळे. अक्षर फार बारीक झाले की पहिला बळी अनुस्वाराच्या टिंबाचा जातो. मग ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जाई, म्हणून प्रमाण लिपीत त्याचा खालचा भाग दंडाला जोडून घेतला गेला. अक्षराच्या एका लहानशा वळणामागे असा विचार असतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही सारी जोडाक्षरे आणि मात्रा जुळविण्यास शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचा हात त्या खणांतून दिवसभर फिरत असे. आपल्याकडे हे खिळे सुबक करण्याचे मोठे श्रेय जावजी दादाजी यांना आहे. गरिबीमुळे ते लहानपणीच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचे वळण पुढे देवनागरी छपाईत नमुना मानले गेले. सुंदर अक्षराची पारख विद्यापीठातच येते असे नाही. खिळे घासणाऱ्या पोरालाही ती येते, ही गोष्ट मी आमच्या कामगारांना आवर्जून सांगतो.

आता ही पारख आपण कशी मिळवावी? कोणतीही वस्तू हाती आली की तिच्यावरील अक्षरांना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा की, हे अक्षर किती अंतरावरून वाचावयाचे आहे? मोटारगाडीच्या पाटीवरील अक्षर ६५ मिलिमीटर उंच, त्याची रेघ १० मिलिमीटर जाड आणि दोन अक्षरांत १० मिलिमीटर मोकळी जागा, असे मोटार वाहन नियमांत ठरवून दिले आहे. अपघात करून पळणाऱ्या गाडीचा क्रमांक रस्त्यावरच्या माणसाला टिपता आला पाहिजे, म्हणून हा हिशेब. तेथे सोडलेली मोकळी जागासुद्धा काम करीत असते. आपले जुने पाटी रंगविणारे पेंटर हे जाणत. नाव लांबले तर ते जागा वाटून घेत आणि अक्षराचा घाट राखीत. आज फलकावर तेच अक्षर संगणकावर आडवे ताणतात किंवा उभे दाबतात. मग उभी रेघ जाड, आडवी बारीक, आणि शिरोरेषा भलतीकडेच, असे दिसते. पुढच्या वेळी रस्त्याने जाताना असा एखादा फलक निरखून पाहावा.

दुसरा प्रश्न असा की, हे अक्षर कोणासाठी लिहिले आहे? दुकानातून मिळालेल्या पावतीवर ‘किंमत’ शब्दातली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर आलेली तुम्ही पाहिली असेल. याचे कारण मौजेचे आहे. आपण ‘कि’ उच्चारताना आधी क् आणि मग इ म्हणतो. संगणकही ती अक्षरे त्याच क्रमाने साठवितो. कागदावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ही अदलाबदल करणारी व्यवस्था यंत्रात नसेल, तर शब्द मोडतो. ही व्यवस्था आज सहज मिळते. तरीही शब्द मोडलेलाच असला, तर यंत्र बसविणाऱ्याने मराठी वाचणारे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवलेच नव्हते, असे समजावे.

बांधीव मालाच्या पुड्यावरील मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, असे २०११ चे वजनमापविषयक नियम सांगतात. तेथे मराठीची सक्ती नाही. उलट दुकानांच्या पाट्यांबाबत महाराष्ट्राने २०२२ साली कायदा सुधारला आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षराच्या उंचीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागते, यावरून या विषयाचे मोल कळावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे लहान काय ठेवले आहे? जाहिरातीत ‘मोफत’ हा शब्द वीतभर असतो आणि ‘अटी लागू’ मुंगीएवढे असते. औषधाच्या पट्टीवर नाव रंगीत असते, पण मुदत संपण्याची तारीख पुष्कळदा शाईवाचून नुसती दाबून उमटविलेली असते. ती वाचण्यास पट्टी उजेडात तिरकी धरावी लागते. जे विकणाऱ्याला हवे ते मोठे आणि जे घेणाऱ्याला हवे ते लहान, हा बाजाराचा स्वाभाविक कल आहे. तो उलटवावयाचा तर लोकांना आणि कायद्याला मध्ये पडावे लागते. विडी, सिगारेट आणि तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापला पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. तो कोणा उत्पादकाने आपण होऊन केलेला नाही.

कारखान्यात याच प्रश्नावर माणसाचे हातपाय आणि डोळे अवलंबून असतात. रसायने हाताळणाऱ्या एका कारखान्यात आम्ही सुरक्षेच्या सूचनेची मागणी केली. ‘सूचना लावलेली आहे,’ असे उत्तर मिळाले. ती होतीही, इंग्रजीत, दाट बारा ओळी, बोटाच्या नखाएवढ्या अक्षरांत. आम्ही व्यवस्थापकांना एवढीच विनंती केली की, कामगार टाकीपाशी जेथे उभा असतो तेथे उभे राहून आपण ती वाचून दाखवावी. त्यांना ती वाचता आली नाही. आठवड्याने मराठीत आणि हिंदीत तीन ओळींचा फलक लागला: अंगावर उडाले तर काय करावे, पाणी कोठे आहे, कोणाला हाक मारावी. अक्षरे तळहाताएवढी होती. त्या मागणीसाठी आम्हांला संप करावा लागला नाही. दहा फूट अंतर पुरले.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमाने हेच सांगितले होते. फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावा, सहज दिसेल अशा जागी असावा आणि स्वच्छ, वाचण्याजोगा ठेवावा. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२० साली नवी संहिता संमत केली. कायदे बदलोत, भाषा, जागा आणि वाचनीयता या तीन कसोट्या कोणत्याही फलकाला लावता येतात.

तेव्हा आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील एखादा डबा आणि औषधाची एखादी पट्टी हाती घ्या. मुलांना जवळ बसवा आणि हे तीन प्रश्न त्यांना विचारू द्या. घरातील वृद्धांना चष्म्यासह ती तारीख वाचता येते का, ते पाहा. वाचता आली नाही, तर आपल्या डोळ्यांना दोष देऊन गप्प बसू नका. दुकानदाराला विचारा, उत्पादकाला पत्र लिहा, सोसायटीत वा संघटनेत विषय काढा. अक्षर कोणीतरी लहान ठरविलेले असते, म्हणूनच ते मोठे करून मागताही येते.