पेरणीचा निर्णय कागदावर

बोरगाव मेघेच्या शिवारात जूनमधला पेच: पहिल्या पावसावर सोयाबीन पेरायचं की थांबायचं? रोनाल्ड हॉवर्ड आणि जेम्स मॅथेसन यांनी १९८१ च्या लेखात मांडलेली प्रभाव-आकृती इथे कामी येते. आपल्या हातातली पेरणी चौकोनात, हातात नसलेला पुढचा पाऊस लंबगोलात. दोन्हींकडून बाण नफ्या-तोट्याकडे. महत्त्वाचा बाण हवामान-अंदाजाकडून पेरणीकडे जाणारा. पावसाकडून थेट पेरणीकडे बाण नाहीच, कारण पेरताना पुढचा पाऊस कळलेला नसतो. अंदाजाचा बाण पुसून हिशेब पुन्हा करा. सरासरी नफा जितका घटेल, तितकी त्या अंदाजाची किंमत. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोट्यात मात्र व्याजही धरायलाच हवं.