तळहातावरचा बहुरूपी संगणक

आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत खिडकीशेजारी एक लाकडी कपाट आहे. मागच्या उन्हाळ्यात डेडस्टॉक रजिस्टर घेऊन भंगारात काढायच्या वस्तूंची यादी करत होतो. तेव्हा कपाटाच्या तळाच्या फळीवर एक काळी, चपटी पेटी सापडली. वर कळफलक, मागे टीव्हीची आणि टेपरेकॉर्डरची वायर जोडायची भोके. शेजारी एक कॅसेट, आणि तिच्यावर आमच्या सरांच्या सुबक अक्षरात लिहिलेले : ‘साधा दोलक – लांबी ९९.४ सें.मी.’

मी अकरावीत असताना सरांनी याच पेटीवर, काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या पडद्यावर, हलणारा दोलक दाखवला होता. आम्ही वर्गातल्या मुलांनी तो स्टॉपवॉच लावून मोजला होता आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढले होते. सरांनी ती आज्ञावली स्वतः लिहिली होती, आणि ती फक्त या एका कॅसेटवर होती.

पेटीला वीज दिली. पडदा करडा झाला आणि करडाच राहिला. आतले धारित्र सुकले होते, स्मृतीच्या काही चिपाही गेल्या होत्या. मी यादीत तिचा क्रमांक लिहायला घेतला, तेवढ्यात बारावीतला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, पेटी मेली तरी कॅसेट आहे ना? माझ्या दादाचा जुना निन्टेन्डो डीएस घरी पडलाय. त्यावर हा संगणक चालवता येईल.”

तळहातावर मावणाऱ्या खेळाच्या यंत्रावर चाळीस वर्षांपूर्वीचा संगणक चालवायचा, म्हणजे नेमके काय करायचे?

पट आणि बटणे

बुद्धिबळ खेळताना एखादा हत्ती हरवला, तर आपण त्याच्या जागी शर्टाचे बटण ठेवतो आणि डाव पुढे चालू ठेवतो. सगळ्याच सोंगट्या हरवल्या तरी बटणे, चिंचोके आणि खडे घेऊन तोच डाव पुरा करता येईल. डाव चालू राहायला दोनच गोष्टी लागतात. पहिली, आता कोणती सोंगटी कोणत्या घरात आहे, म्हणजे स्थिती. दुसरी, कोणती सोंगटी कशी चालते, म्हणजे नियम.

संगणकाचेही असेच आहे. त्याच्या स्मृतीच्या कोणत्या घरात कोणता आकडा आहे ही त्याची स्थिती, आणि कोणता आकडा दिसल्यावर काय करायचे हे त्याचे नियम. या दोन गोष्टी पूर्ण माहीत असतील, तर दुसरे कोणतेही पुरेसे चपळ यंत्र पहिल्या यंत्राचे काम करू शकते. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९३६ साली, इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वात येण्याआधीच, हे गणिताने दाखवून दिले होते. अशी दुसऱ्या यंत्राची भूमिका करणारी जी आज्ञावली, तिला इम्युलेटर म्हणतात. आपण तिला बहुरूपी म्हणू. फरक एवढाच, की गावात येणारा बहुरूपी फौजदाराचा वेष घेतो पण कोणाला अटक करू शकत नाही. या बहुरूप्याला मात्र मूळ यंत्राचे काम खरोखर करावे लागते.

पेटीच्या आत

आमची पेटी झेडएक्स स्पेक्ट्रम या घराण्यातली होती. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजमधल्या कंपनीने हा संगणक एप्रिल १९८२ मध्ये विक्रीला आणला. स्वस्त असल्यामुळे तो लाखो घरांत गेला. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन १९८६ पासून त्याची एक आवृत्ती विकली.

त्याचा मेंदू म्हणजे झेड-८० हा प्रोसेसर. तो सेकंदाला ३५ लाख ठोक्यांच्या तालावर चालतो. त्याला स्मृतीची ६५,५३६ घरे दिसतात. पैकी पहिल्या १६,३८४ घरांत कारखान्यातच कायमचा मजकूर भरलेला असतो, उरलेली ४९,१५२ घरे आपल्या वापरासाठी मोकळी. प्रत्येक घरात ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावतो.

समजा, ओळीने तीन घरांत ६२, ५ आणि ६० हे आकडे आहेत. झेड-८० च्या नियमांत ६२ चा अर्थ ‘पुढच्या घरातला आकडा ए नावाच्या कप्प्यात ठेव’. याला ७ ठोके लागतात. ६० चा अर्थ ‘ए मध्ये १ मिळव’. याला ४ ठोके लागतात. म्हणजे ११ ठोक्यांनंतर ए मध्ये ६ असेल.

बहुरूपी हेच करतो. तो स्वतःच्या स्मृतीत ६५,५३६ आकड्यांची एक लांब यादी ठेवतो. घरातला आकडा वाचायचा, तक्त्यात त्याचा अर्थ पाहायचा, त्याप्रमाणे यादीत बदल करायचा, किती ठोके झाले ते मांडायचे आणि पुढच्या घरी जायचे, हे चक्र तो सतत फिरवत राहतो. मूळ यंत्राच्या मर्यादाही त्याला सांभाळाव्या लागतात. स्कूटरच्या मीटरवर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्ये येतात, तसे ए मध्ये २५५ असताना १ मिळवला की ० च यायला हवे. बहुरूप्याने ‘सुधारणा’ म्हणून २५६ लिहिले तर आज्ञावली कोलमडेल.

पडद्याचेही तसेच. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायला स्मृती परवडत नव्हती, म्हणून आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोनच रंग दिलेले. त्यामुळे लाल चेंडू हिरव्या झाडाजवळ गेला की झाडाचा तुकडाही लाल व्हायचा. हा दोषही बहुरूप्याने जसाच्या तसा दाखवायचा असतो.

कॅसेटवरची शिट्टी

आता सरांच्या आज्ञावलीकडे वळू. त्या काळी आज्ञावली आवाजाच्या रूपाने साध्या कॅसेटवर भरत. कॅसेट वाजवली की आधी एक सलग शिट्टी ऐकू येते, तिची वारंवारता सुमारे ८०७ हर्ट्‌झ. मग खरखर सुरू होते. ही खरखर म्हणजेच मजकूर. त्यातली ० ची लहर ०.४९ मिलिसेकंदाची असते आणि १ ची लहर बरोबर तिच्या दुप्पट, ०.९८ मिलिसेकंदाची. लहर छोटी की मोठी एवढेच ओळखायचे असल्यामुळे टेप किंचित हळू चालली तरी बिघडत नसे. अशा वेगाने ४९,१५२ घरे भरायला जवळजवळ पाच मिनिटे लागतात.

आम्ही कॅसेट वाजवून तो आवाज आजच्या संगणकात भरला आणि एका छोट्या आज्ञावलीने लहरींची लांबी मोजून शून्ये आणि एक वेगळे काढले. दोन ठिकाणी फितीवरचा चुंबकीय थर उडाला होता. चौथ्या प्रयत्नात सगळे आकडे नीट आले. आणखी काही वर्षे गेली असती तर पाचवा प्रयत्नही उपयोगी पडला नसता.

सर म्हणाले, “घाईत आहे”

निन्टेन्डो डीएस हे यंत्र २००४ साली बाजारात आले. योगायोग असा, की त्याच्या प्रत्येक पडद्यावरही २५६ × १९२ च ठिपके आहेत. त्याआधीच्या २००१ सालच्या गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० × १६० चा. त्यावर स्पेक्ट्रमचे चित्र आणायचे तर काही ठिपके गाळावे लागतात. डीएसवर ठिपक्याला ठिपका बसतो, आणि खालच्या स्पर्श-पडद्यावर कळफलकही काढता येतो.

वेगाची अडचण नव्हती. झेड-८० च्या सर्वांत छोट्या सूचनेलाही ४ ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त पावणेनऊ लाख सूचना. डीएसचा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे ६ कोटी ७० लाख ठोके घेतो. म्हणजे झेड-८० ची एक सूचना पार पाडायला त्याच्याजवळ ७५ च्या वर ठोके आहेत. तक्ता पाहायला तेवढे पुष्कळ.

विद्यार्थ्याने यंत्र सुरू केले आणि पडद्यावर दोलक हलू लागला. आम्ही आनंदाने सरांना फोन केला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले, चष्मा पुसून त्यांनी तो छोटा पडदा डोळ्यांजवळ धरला आणि काही वेळ बोटाने टेबलावर ठेका धरला.

“अरे, हा जरा घाईत आहे रे,” सर म्हणाले.

स्टॉपवॉच काढले. २० आंदोलने ३३.४ सेकंदांत झाली. म्हणजे आवर्तकाल १.६७ सेकंद. लांबी ०.९९४ मीटर धरून नेहमीच्या सूत्राने गणित केले, तर गुरुत्वीय त्वरण आले सुमारे १४.१! असा दोलक पृथ्वीवर हलणे शक्य नाही. पडद्यावर सगळे जसेच्या तसे दिसत होते, एकही ठिपका चुकला नव्हता, तरी उत्तर साफ खोटे होते.

चूक कुठे होती? स्पेक्ट्रम ज्या टीव्हीला जोडायचा, त्याच्यावर सेकंदाला ५० चित्रे उमटत. स्पेक्ट्रम एका चित्राच्या वेळात ६९,८८८ ठोके घेतो आणि अशी ५० चित्रे झाली की एक सेकंद होतो. डीएसचा पडदा मात्र सेकंदाला जवळजवळ ६० चित्रे दाखवतो. आमच्या बहुरूप्यात अशी सोय निवडली गेली होती, की डीएसच्या प्रत्येक चित्राबरोबर स्पेक्ट्रमचे एक चित्र पुढे सरकवायचे. त्यामुळे ५० चित्रांचे काम ६० होऊ लागले. वेग सहा-पंचमांश पट झाला, आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे त्वरण जवळजवळ १.४४ पट आले. ९.८ ला १.४४ ने गुणून पाहा.

ती सोय बदलली. आता बहुरूपी घड्याळाकडे पाहून सेकंदाला ५० चित्रेच तयार करतो आणि डीएसच्या दर सहा चित्रांत एक चित्र दोनदा दाखवतो. दोलक बारकाईने पाहिला तर किंचित अडखळल्यासारखा वाटतो. पण २० आंदोलने ३९.९ सेकंदांत झाली. त्वरण ९.८ च्या जवळ आले, आणि सरांचे बोट टेबलावर दोलकाबरोबर पडू लागले.

त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट शिकली. जुने यंत्र जपायचे तर त्याच्या नियमांबरोबर त्याचा वेळही जपावा लागतो. आणि नक्कल बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना विचारून भागत नाही, ते मोजावे लागते.

प्रतिस्पर्ध्याचा वारस

या गोष्टीला इतिहासाची एक गंमतही जोडलेली आहे. सिंक्लेअर यांची प्रतिस्पर्धी ॲकॉर्न ही कंपनीही केंब्रिजचीच. १९८१ साली तिने बीबीसी मायक्रो हा शालेय संगणक काढला. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय प्रकल्पात हाच संगणक वापरला गेला. तुमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकांना विचारा, कोणाला तरी तो आठवत असेल.

पुढे ॲकॉर्नने स्वतःचा नवा प्रोसेसर करायचे ठरवले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याचा आराखडा केला. चिप तयार होण्याआधी तिच्या सूचना बरोबर चालतील का हे पाहण्यासाठी विल्सन यांनी त्या प्रोसेसरचा बहुरूपीच लिहिला, आणि तो बीबीसी मायक्रोवर बेसिक भाषेत चालवला. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या यंत्राची नक्कल आधी झाली! २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली खरी चिप चालू झाली. तिचे नाव आर्म.

गेम बॉय ॲडव्हान्स आणि निन्टेन्डो डीएस या दोन्हींच्या आत याच आर्म घराण्यातले प्रोसेसर आहेत. आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाइल फोनांतही तेच. म्हणजे आमच्या टेबलावर ॲकॉर्नचा वारस सिंक्लेअरच्या संगणकाचे सोंग वठवत होता.

एक सावधगिरीची सूचना. जुनी आज्ञावली ही कोणाची तरी मालमत्ता असते. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले. त्यातला कायमचा मजकूर इम्युलेटरबरोबर वाटायला या कंपनीने १९९९ मध्ये परवानगी दिली. पण त्यावरच्या प्रत्येक खेळाला अशी परवानगी आहे असे समजू नका. आमची आज्ञावली सरांचीच होती, आणि त्यांनी ती आनंदाने दिली.

करून पाहा

बहुरूपी व्हायला संगणक लागतोच असे नाही. वहीच्या पानावर सहा घरे आखा. त्यांना ० ते ५ क्रमांक द्या आणि घरांत ओळीने १, ३, २, ३, २, ० हे आकडे लिहा. बाजूला ‘अ’ नावाचा एक रिकामा चौकोन काढा. घर ० पासून सुरुवात करा. नियम असे :

सूचना १ : पुढच्या घरातला आकडा ‘अ’ मध्ये लिहा आणि ते घर ओलांडून पुढे जा. (७ ठोके)
सूचना २ : ‘अ’ मधून १ वजा करा आणि पुढच्या घरी जा. (४ ठोके)
सूचना ३ : ‘अ’ शून्य नसेल, तर पुढच्या घरात ज्या घराचा क्रमांक लिहिला आहे त्या घरी जा. शून्य असेल, तर ते घर ओलांडून पुढे जा. (दोन्ही वेळा १० ठोके)
सूचना ० : थांबा. (४ ठोके)

शेवटी ‘अ’ मध्ये काय उरले आणि एकूण किती ठोके झाले? तुमच्या मित्राला हेच गणित पेन्सिलीऐवजी चिंचोके मांडून करायला सांगा. दोघांच्याही ‘अ’ मध्ये ० उरले आणि दोघांचेही ठोके ५३ झाले, तर दोन्ही बहुरूपी खरे. ठोके वेगळे आले, तर पुन्हा पहिल्या घरापासून मोजा. आम्हालाही तसेच करावे लागले होते.