प्रवाळटाकीतला दांडगोबा

डोमिनो डॅमसेल हा काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला हिंद-प्रशांत महासागरातला मासा. पिल्लू असताना तो देखणा दिसतो. मोठेपणी सुमारे 14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, टाकीतला कोपरा बळकावतो आणि नव्या माशांच्या परांचे लचके तोडतो. जाळी घेऊन त्याच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. जाळी पाण्यात शिरताच तो खडकांच्या फटीत दडी मारतो आणि झटापटीत प्रवाळ मात्र मोडतात.

त्याऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा सापळा लावतात. सुरुवातीचे काही दिवस दार उघडे ठेवून खाणे फक्त आतच टाकतात. मासा निर्धास्तपणे आत-बाहेर करू लागला की दोरी सोडून दार पाडतात. सापळ्याला न बधणारा मासा रात्री बहुधा ठरलेल्या फटीत झोपतो. तेव्हा तो दगडच अलगद उचलून बादलीत ठेवता येतो. पाणी उपसून सगळे खडक हलवणे हा शेवटचा उपाय.

पकडलेला मासा दुकानात परत द्यावा किंवा वेगळ्या टाकीत ठेवावा. समुद्रात कधीही सोडू नये. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाजवळ आढळला. तो मत्स्यटाक्यांतूनच तिथे पोहोचला असे मानले जाते आणि आज तो कॅरिबियनभर स्थानिक मासे फस्त करतो आहे.