‘दाबणे’ आणि ‘सोडणे’ : जुन्या बुलेटच्या क्लचची जुळणी व तिची भाषा

यंत्राची दुरुस्ती हातांनी होते. परंतु ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती भाषेच्या द्वारे. उस्ताद शिकाऊ मुलाला जे सांगतो, वाहनाचा मालक कारागिराजवळ जी तक्रार मांडतो, त्या सर्व व्यवहारात शब्द चुकला की पाना चुकीच्या दिशेने फिरतो. जुन्या मोटारसायकलीच्या क्लचच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. कारण या एकाच यंत्रणेच्या दोन टोकांना ‘घट्ट’ आणि ‘सैल’ या शब्दांचे परिणाम परस्परविरुद्ध होतात. प्रस्तुत लेखात ही यंत्रणा, तिची जुळणी आणि तिच्याविषयीची मराठी यांचा एकत्र विचार केला आहे. उदाहरणादाखल रॉयल एन्फील्ड बुलेट 350 ही गाडी घेतली आहे. 1955 साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व तेव्हापासून या गाडीची बांधणी भारतात होऊ लागली. स्वतंत्र गियरबॉक्स आणि चार गियर असलेल्या त्या जुन्या घडणीच्या गाड्या आजही महाराष्ट्रात अनेकांनी जपलेल्या आहेत.

1. यंत्रणेचे स्वरूप

इंजिनाची गती गियरबॉक्सला जोडणे आणि हवी तेव्हा तोडणे, हे क्लचचे कार्य होय. ‘क्लच’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मुठीत पकडणे असा आहे, आणि हा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो. गाडीच्या डाव्या अंगाला, प्राथमिक साखळीच्या पेटीत, एकाआड एक अशा दोन प्रकारच्या प्लेटा रचलेल्या असतात. एक प्रकार इंजिनाबरोबर फिरतो, दुसरा गियरबॉक्सच्या दांड्याबरोबर. स्प्रिंगा या प्लेटांना प्रेशर प्लेटच्या साहाय्याने एकमेकींवर दाबून धरतात. जोवर हा दाब आहे तोवर सर्व प्लेटा एकजीव होऊन फिरतात व गती चाकापर्यंत पोहोचते.

स्वाराने हँडलवरील लिव्हर ओढला की केबल ताणली जाते. गियरबॉक्सच्या उजव्या अंगाला असलेली एक लहान भुजा त्यामुळे हलते, आणि ती भुजा पोकळ दांड्यातून आरपार गेलेल्या एका सळईला डावीकडे ढकलते. सळई प्रेशर प्लेट उचलते, प्लेटा विलग होतात, गती तुटते.

आता बोलभाषेकडे पाहावे. मराठीत ‘क्लच दाबला’ असे म्हणतात तेव्हा प्लेटांवरचा दाब नाहीसा झालेला असतो. ‘क्लच सोडला’ असे म्हणतात तेव्हा प्लेटा घट्ट धरल्या जातात. म्हणजे ‘दाबणे’ आणि ‘सोडणे’ ही क्रियापदे स्वाराच्या बोटांची क्रिया सांगतात, यंत्राची नव्हे. गाडी चालवताना याने काहीच बिघडत नाही, कारण तेथे वक्त्याचे लक्ष हाताकडेच असते. दुरुस्तीला बसल्यावर मात्र हाताचे बोलणे कोठे संपते आणि प्लेटांचे कोठे सुरू होते, हे स्पष्ट असावे लागते.

2. दोन दोष

क्लचचे मुख्य दोष दोन, आणि ते एकमेकांचे उलट आहेत. पहिला दोष घसरण्याचा. खंबाटकीसारखा घाट वरच्या गियरमध्ये चढताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तापतात आणि अखेर जळतात. दुसरा दोष पूर्ण न सुटण्याचा. लिव्हर ओढून धरला तरी गाडी पुढे सरकू पाहते, गियर घालताना कर्कश आवाज होतो, आणि चौकात थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. या जुन्या गियरबॉक्सला न्यूट्रल शोधण्यासाठी टाचेने दाबावयाचा वेगळा लिव्हर आहे. पहिला सोडून इतर कोणत्याही गियरमधून तो थेट न्यूट्रलवर आणतो. ही सोय मोठी खरी, पण तिच्यामुळे दुसरा दोष दीर्घकाळ झाकला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

इंग्रजी पुस्तिकांत दुसऱ्या दोषाला ‘ड्रॅग’ ही संज्ञा आहे. तिचे ‘ओढणे’ असे शब्दशः भाषांतर केल्यास घोटाळा होतो. ‘गाडी ओढत नाही’ हा मराठीतील रूढ प्रयोग असून त्याचा अर्थ गाडीत जोर नाही असा आहे. म्हणजे तो पहिल्या दोषाच्या जवळचा. ‘क्लच ओढतो’ असे लिहिल्यास वाचकास तो गुणच वाटेल. त्यापेक्षा ‘क्लच पूर्ण सुटत नाही’ हे साधे वाक्य निःसंदिग्ध आहे.

3. ‘टाईट’ या शब्दाचा चकवा

क्लच घसरतो म्हणजे कोठेतरी सैल झाले आहे, तेव्हा घट्ट करावे, असा विचार स्वाभाविकपणे मनात येतो. ‘क्लच टाईट करा’ ही सूचना त्यातूनच निघते. पाना हाती घेणाऱ्यास समोर दिसते ती केबल. तो केबल ताणतो आणि दोष वाढतो. कारण केबल जितकी ताठ, तितकी सळई प्रेशर प्लेटला सतत ढकलत राहणार, आणि तितका प्लेटांवरील दाब कमी होणार. घसरणाऱ्या क्लचची केबल प्रथम सैल करून पाहावी लागते. पूर्ण न सुटणाऱ्या क्लचची ताणावी लागते.

झीज कोणत्या बाजूने बोलते हेही येथे समजून घेतले पाहिजे. प्लेटांवरील घर्षणाचा थर झिजला की प्लेटांची चळत पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि सळईला उजवीकडे भुजेपर्यंत रेटते. सळई व भुजा यांतील मोकळी जागा संपते. याउलट केबल वापराने लांबली, तर ही जागा वाढते. पहिल्या झिजेने क्लच घसरू लागतो. दुसरीने तो पूर्ण सुटेनासा होतो.

या मोकळ्या जागेला गॅरेजमध्ये ‘प्ले’ म्हणतात. हा शब्द टिकून राहण्यास अर्थाचे कारण आहे. ‘सैलपणा’ हा दोष समजला जातो; ‘प्ले’ मात्र हेतुपुरस्सर ठेवावयाचा असतो. मराठीतील ‘वाव’ या शब्दात हीच छटा आहे. केबलला वाव ठेवणे म्हणजे तिला सैल सोडून देणे नव्हे.

4. जुळणीचा क्रम

इंजिन थंड असताना काम करावे. प्रथम केबलचा अॅडजस्टर पुरता आत फिरवून केबल मोकळी करावी. नंतर गियरबॉक्सच्या उजव्या बाजूचे लहान झाकण काढावे. आत भुजेवर खाच असलेला स्क्रू आणि त्याला जखडणारा चेकनट दिसतो. चेकनट सैल करून स्क्रू हलकेच आत फिरवावा; सळईला टेकल्याचे हाताला जाणवताच थांबावे, आणि पाव ते अर्धा फेरा मागे घ्यावा. स्क्रू पेचकसाने स्थिर धरूनच चेकनट आवळावा, नाहीतर दोन्ही एकदम फिरतात आणि केलेली जुळणी वाया जाते.

केबलची पाळी यानंतर येते. हँडलवरील लिव्हरच्या मुळाशी सुमारे 2 ते 3 मिलिमीटर वाव राहील इतपत अॅडजस्टर बाहेर काढावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो वाव टिकतो की नाही हे पाहावे. हा क्रम उलटू नये. आतील स्क्रूकडे दुर्लक्ष करून दरवेळी केवळ केबलनेच भरपाई केली, तर भुजेचा कोन बिघडतो. मग लिव्हर जड लागतो आणि सळईही पुरेशी सरकत नाही.

एवढे करूनही दोष राहिल्यास तो जुळणीचा नव्हे, असे समजावे. पेटीतील तेल घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी युक्त असल्यास क्लच घसरतो. थंडीत दाट तेलाने प्लेटा चिकटतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी लिव्हर ओढून दोनचार किका मारण्याची जुन्या स्वारांची सवय त्यासाठीच आहे. स्प्रिंगांचा जोर गेला असेल, प्लेटा वाकल्या असतील किंवा त्यांचे दाते अडकणाऱ्या खाचांत खड्डे पडले असतील, तर पेटी उघडण्यावाचून मार्ग नाही. पुन्हा बांधताना प्रेशर प्लेट सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते की एकीकडे कलते, हे डोळ्यांनी तपासावे.

5. निष्कर्ष

1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय व तांत्रिक विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले. त्या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि वरील विवेचनावरून असे दिसते की, कारागिराची अडचण बहुधा नामाची नसते. क्लच, केबल, प्लेट, चेकनट हे शब्द त्याच्या तोंडी रुळलेले आहेत आणि ते बदलण्याचे प्रयोजन नाही. अडचण येते ती क्रियापदे आणि विशेषणे यांच्यापाशी, कारण तीच मराठी असून ओळखीची वाटतात व म्हणून कोणी तपासत नाही. ‘घट्ट’, ‘सैल’, ‘दाबणे’, ‘सोडणे’ यांपैकी कोणताही शब्द कर्माचा स्पष्ट निर्देश केल्याविना वापरू नये. ‘क्लच टाईट करा’ ही सूचना अपुरी होय; ‘केबल सैल करून लिव्हरला वाव द्या, म्हणजे प्लेटा घट्ट धरतील’ ही पुरी होय. पहिलीने चांगल्या प्लेटा जळू शकतात. दुसरी समजून घेणारा शिकाऊ कारागीर सूचनेबरोबर तिचे कारणही शिकतो.