बुरशीला बटाटाच कशाला? रताळं, करांदे, नागलीही चालू शकते

डहाणू/तलासरी : चिकूच्या पानावर ठिपके पडले, भातावर करपा आला की आपण औषधाच्या दुकानाकडे धावतो. पण रोग नेमक्या कोणत्या बुरशीचा, हे नुसतं पान बघून दर वेळी कळत नाही. त्यासाठी ती बुरशी प्रयोगशाळेत वाढवावी लागते. आणि वाढवायची तर तिला खायला घालावं लागतं.

बुरशी काय खाते?

बुरशीला हिरव्या पानासारखं स्वतःचं अन्न बनवता येत नाही. ती आपल्या अंगातून पाचक रस सोडते, पिठूळ पदार्थाची (स्टार्चची) साखर करते आणि ती शोषून घेते. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत बटाट्याचं माध्यम वापरतात. कृती साधी आहे. 200 ग्रॅम बटाटे चिरून पाण्यात उकळायचे आणि पाणी गाळून घ्यायचं. त्यात 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज साखर आणि 15 ते 20 ग्रॅम अगर घालून एकूण 1 लिटर करायचं. मग 121 अंश तापमानाला, वाफेच्या दाबाखाली 15 ते 20 मिनिटं ठेवून निर्जंतुक करायचं. अगर समुद्री शेवाळापासून मिळतं. त्यामुळे माध्यम थंड झाल्यावर खरवसासारखं घट्ट बसतं.

आपल्याकडचं काय चालेल?

बटाटा आपल्याकडे बाहेरून येतो. रताळी, सुरण, कोनफळ, करांदे, तांदूळ, नागली मात्र इथलीच. या सगळ्यांत स्टार्च आहे. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक संशोधकांनी रताळं, कसावा (ज्याचा साबुदाणा होतो) आणि कोनफळाच्या जातीचे कंद वापरून बुरशी वाढवून पाहिली आहे.

फक्त वजनाचा हिशेब नीट करायला हवा. बटाट्यात बहुतेक पाणीच असतं. 200 ग्रॅम बटाट्यात स्टार्च साधारण 30 ग्रॅम. तांदळाचं पीठ कोरडं, त्यामुळे सुरुवातीला 35 ते 40 ग्रॅम पुरे. 200 ग्रॅम पीठ टाकलं तर माध्यम नाही, खळ होईल! कडूकंद घ्यायचा तर आधी त्याचा कडूपणा काढावा, कारण तो द्रव बुरशीलाही बाधू शकतो.

अगर महाग म्हणून नुसत्या पिठावर भागेल का? अवघड आहे. बुरशी स्टार्च खाते, त्यामुळे घट्ट झालेली पेज पुन्हा पातळ होऊ लागते. अगर बहुतेक बुरशींना पचत नाही, म्हणून ते टिकतं.

तुलना केल्याशिवाय भरवसा नको

खाणं बदललं की बुरशीचा रंग, वाढीचा वेग आणि बीजाणू बदलतात. भाताच्या करप्याची बुरशी ओटच्या माध्यमावर चांगले बीजाणू देते, म्हणून अभ्यासक तेच वापरतात. त्यामुळे रताळ्याच्या बशीशेजारी बटाट्याची बशी ठेवायलाच हवी. दोन्हीच्या किमान तीन-तीन बशा ठेवून वाढ रोज पट्टीने मोजावी. बुरशी ओळखताना बटाट्यावरचं रूपच प्रमाण धरावं, कारण पुस्तकातली वर्णनं बहुधा त्यावरची असतात.

पानाच्या आत राहणारी बुरशी हवी असेल, तर पान आधी स्पिरिट आणि ब्लीचच्या सौम्य द्रावणाने धुवावं लागतं. नाहीतर वरची धूळच उगवते.

शेतकऱ्याला काय फायदा?

माध्यम स्वस्त झालं तर शाळा-कॉलेज आणि छोट्या प्रयोगशाळांना जास्त नमुने तपासता येतील. मित्रबुरशी ट्रायकोडर्मा तर ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवरही वाढवतात.

पण घरच्या डब्यात भातावर बुरशी वाढवून शेतात टाकू नका. कोणती उगवली ते डोळ्यांना कळत नाही. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते उकळूनही सहज जात नाही.

ट्रायकोडर्मा विकत घेताना पाकिटावरची मुदत बघा. एका ग्रॅममध्ये किमान 20 लाख जिवंत कण (सीएफयू) असल्याचं लिहिलेलं असावं. पाकीट उन्हात ठेवू नका, रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नका. आणि रोगट पान दिसलं तर ते कागदात गुंडाळून कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. औषध त्यानंतर.